वाघिणीवरचे घर



तुमच्या गावाजवळ किंवा शहरात एखादे अभियांत्रिकी महाविद्यालय असेल, तर एकदा त्याच्या दारातून आत डोकावून पाहा. दारातच एक मोठा सूचनाफलक असतो. त्यावर परीक्षेचे वेळापत्रक असते, फी भरण्याची शेवटची तारीख असते, हरवलेल्या छत्रीची चिठ्ठीही असते. त्या गर्दीत दोन शब्द वारंवार दिसतात. एक 'चर्चासत्र' आणि दुसरा 'कार्यशाळा'. चर्चासत्राला कोणी परिसंवाद म्हणतात, आणि बोलताना बहुतेक जण सरळ 'सेमिनार' म्हणतात. कार्यशाळेला 'वर्कशॉप' म्हणतात. शब्द दोन आहेत, पण त्यांच्या मागे बरेच काही आहे. चला, आज आपण त्या सूचनाफलकाच्या पलीकडे जाऊ.

तुम्ही मुशायरा पाहिला आहे. निदान घरातील वडीलधाऱ्यांकडून त्याविषयी ऐकले आहे. मुशायऱ्यात एक सद्र असतात, एक नाजिम असतात. नाजिम एकेका शायराचे नाव पुकारतात, शायर पुढे येतो आणि आपला कलाम सादर करतो. श्रोते 'वाह वा' म्हणतात, 'मुकर्रर' म्हणतात. चर्चासत्राची मांडणी जवळजवळ अशीच असते. सद्र म्हणजे अध्यक्ष. नाजिम म्हणजे सूत्रसंचालक. शायराच्या जागी असतो निबंधवाचक, म्हणजे ज्याने एखाद्या प्रश्नाचा अभ्यास केला आहे तो माणूस. उर्दूत आपण ज्याला मकाला म्हणतो, त्याला येथे शोधनिबंध म्हणतात.

मग फरक काय? फरक एवढाच की येथे कोणी 'वाह वा' म्हणत नाही. निबंध वाचून झाला की श्रोत्यांतून एक हात वर होतो आणि प्रश्न येतो, 'हे तुम्ही कशावरून म्हणता?' निबंधवाचकाला त्याचे उत्तर द्यावे लागते. उत्तर माहीत नसेल तर तसे सांगावे लागते. यात अपमान नाही. खरे तर सगळे चर्चासत्र त्या पाच मिनिटांसाठीच भरवलेले असते.

चर्चासत्राची तयारी काही महिने आधी सुरू होते. विषय ठरतो. ज्यांना निबंध वाचायचा आहे ते आधी त्याचा सारांश पाठवतात. सारांश म्हणजे उर्दूतला 'खुलासा'. येथे थोडे सांभाळा! मराठीत 'खुलासा' हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ वेगळा. मराठीत खुलासा करणे म्हणजे स्पष्टीकरण देणे. 'शाळेत उशिरा का आलात, याचा खुलासा करा' असे मुख्याध्यापकांनी लिहिले, तर त्यांना तुमच्या सकाळचा सारांश नको आहे, कारण हवे आहे.

तर, जाणकार मंडळी ते सारांश वाचतात आणि चांगले असतील ते निवडतात. ठरलेल्या दिवशी प्रथम एका अनुभवी व्यक्तीचे बीजभाषण होते. मग एकामागून एक निबंध. प्रत्येकाला साधारण पंधरा मिनिटे बोलण्यासाठी आणि पाच मिनिटे प्रश्नांसाठी मिळतात. वेळ संपत आली की अध्यक्षांच्या टेबलावरची घंटी वाजते. पुढे सर्व निबंध एकत्र करून त्यांचे पुस्तक काढतात. त्यामुळे जे लोक तेथे नव्हते, त्यांनाही ते वाचता येतात.

सगळीच चर्चासत्रे चांगली होतात असे मात्र नाही. काही वक्ते मान वर न करता कागद वाचत राहतात. काही श्रोते केवळ प्रमाणपत्रासाठी येतात आणि जेवण झाले की निघून जातात. अशा चर्चासत्रात झोप लागली तर दोष श्रोत्याचाच असतो असे म्हणता येणार नाही.

आता दुसरा शब्द पाहू. कार्यशाळा. अभियांत्रिकी महाविद्यालयात या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही खरे आहेत.

पहिला अर्थ म्हणजे महाविद्यालयाच्या मागच्या बाजूला असलेली, उंच छपराची, लोखंडाचा आणि तेलाचा वास येणारी इमारत. उर्दूत तिला कारगाह म्हणता येईल. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तेथे जावेच लागते. मग त्याला पुढे संगणकाचा अभ्यास करायचा असो की पूल बांधायचे असोत. अंगात जाड कापडाचा ॲप्रन, पायांत बूट. सुतारकाम, लोहारकाम, जोडारीकाम, वेल्डिंग, ओतकाम असे एकेक विभाग असतात. येथील हत्यारांची नावे ऐकली की तुम्हांला गंमत वाटेल. सुतार लाकूड ज्याने गुळगुळीत करतो तो मराठीत रंधा, उर्दूत रंदा. काटकोन ज्याने तपासतात तो मराठीत गुण्या, उर्दूत गुनिया. काही नावे मात्र अगदी वेगळी आहेत. उर्दूतली आरी म्हणजे मराठीतली करवत. लोखंड घासण्याची रेती म्हणजे मराठीतली कानस. मराठीत 'रेती आण' म्हटले तर समोरचा माणूस वाळू घेऊन येईल! लोहाराची निहाई म्हणजे ऐरण, आणि धौंकनी म्हणजे भाता.

या कार्यशाळेत विद्यार्थ्याला एक काम देतात. समजा, लोखंडी पट्टीचा तुकडा कानसीने घासून त्याच्या चारही कडा काटकोनात आणायच्या आहेत. ऐकायला काम सोपे वाटते. तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा आणि घासत राहायचे. अर्ध्या तासाने हाताला फोड येतात. मग निदेशक येतात, त्या कडेला गुण्या लावतात आणि दोन्ही वस्तू उजेडासमोर धरतात. कड आणि गुण्या यांच्यामधून उजेडाची बारीक रेघ दिसली, तर काम परत. पुन्हा घासायचे. कागदावर काटकोन काढायला एक सेकंद पुरतो. लोखंडात तो आणायला किती वेळ लागतो, हे त्या दिवशी कळते. पुढे हाच विद्यार्थी इंजिनियर होऊन कारागिराला काम सांगेल. तेव्हा तो अशक्य गोष्ट मागणार नाही, निदान मागण्यापूर्वी विचार करील.

कार्यशाळेचा दुसरा अर्थ म्हणजे दोन-तीन दिवसांचा असा वर्ग, जेथे लोक जमतात आणि एखादी गोष्ट स्वतः करून शिकतात. चर्चासत्रात कान आणि तोंड यांना काम असते. कार्यशाळेत हातांना काम असते. बाहेरची माणसेही तेथे येतात. शिक्षक, ठेकेदार, गवंडी, कधी कधी शेतकरीसुद्धा.

एवढे सगळे कशासाठी, असे तुम्ही विचाराल. पुस्तके आहेत, प्राध्यापक आहेत, परीक्षा आहेत. मग एका खोलीत जमून बोलायचे कशाला? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी तुम्हांला मराठवाड्यात नेले पाहिजे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून गावे उशिरा झोपली होती. पहाटे चार वाजायला चार-पाच मिनिटे असताना लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात जमीन हादरली. भूकंपाला उर्दूत आपण जलजला म्हणतो. किल्लारी हे गाव त्याच्या केंद्राजवळ होते. या भूकंपाचे मान ६.२ च्या आसपास होते. जगात याहून कितीतरी मोठे भूकंप होतात. पण येथे मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. मध्यम ताकदीच्या भूकंपात इतकी माणसे का गेली?

कारण घरांत होते. मराठवाड्यातील जुनी घरे माळवदाची. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या टाकून, त्यांवर मातीचा जाड थर देऊन केलेले सपाट छप्पर. उन्हाळ्यात असे घर थंड राहते. पावसाळ्यात छप्पर गळू नये म्हणून दर काही वर्षांनी त्यावर आणखी माती टाकतात. त्यामुळे छपराचे वजन वर्षांगणिक वाढत जाते. भिंती दगडाच्या, हातभरापेक्षा जास्त जाड. पाहणाऱ्याला वाटे, केवढी भक्कम भिंत आहे! पण ती एक भिंत नव्हतीच. बाहेरून दगडांचा एक थर, आतून दगडांचा दुसरा थर आणि मध्ये लहान दगड व चिखल भरलेला. दोन्ही थरांना एकमेकांशी बांधून ठेवणारे काहीच नव्हते. जमीन आडवी हलली तशी ही दोन्ही पाने सुटी झाली, फुगली आणि कोसळली. वरून माळवदाची माती आली. लोक झोपेत होते. ज्यांची घरे कुडाची आणि गवताची होती, अशी अनेक गरीब माणसे मात्र वाचली.

आणखी एक गोष्ट होती. आपल्या देशाचा भूकंपाचा एक नकाशा असतो. कोणत्या भागात भूकंपाचा धोका किती, हे त्यात दाखवलेले असते. १९९३ साली जो नकाशा वापरात होता, त्यात किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. दख्खनची जमीन जुनी आणि स्थिर, असे पुष्कळांना वाटत असे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला मोठा भूकंप झाला, तेव्हाच या समजुतीला धक्का बसला होता. किल्लारीने ती आणखी हलवली. २००२ साली नकाशा सुधारला, तेव्हा तो सर्वांत खालचा विभागच काढून टाकण्यात आला आणि किल्लारी तिसऱ्या विभागात गेली.

भूकंपानंतर लोक दगडाला भिऊ लागले. ज्या दगडाच्या घरात पिढ्या राहिल्या, त्याच दगडाने माणसे मारली होती. 'आम्हांला दगडाचे घर नको, सिमेंटचे द्या', असे गावोगावी लोक म्हणू लागले. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच म्हटले असते. पण दगड तर तेथे पायाखाली होता, आणि सिमेंट, लोखंड विकत आणावे लागणार होते. सगळ्यांना नवी घरे मिळणार नव्हती. सुमारे बावन्न गावे पूर्णपणे नव्याने वसवायची ठरली. बाकीच्या असंख्य गावांत जुनी, तडे गेलेली घरे दुरुस्त करूनच लोकांना राहायचे होते. म्हणून प्रश्न असा उभा राहिला की दगड वाईट होता की बांधणी वाईट होती?

हा खरा चर्चासत्राचा प्रश्न आहे. भावनेने त्याचे उत्तर मिळत नाही आणि मोठ्या आवाजानेही मिळत नाही. कोणीतरी तपासून पाहिलेले असावे लागते. आणि मित्रांनो, कोणीतरी ते आधीच तपासून पाहिले होते.

त्यासाठी आपल्याला उत्तरेला, गंगेच्या कालव्याच्या काठी, रुडकीला जावे लागेल. आज हे गाव उत्तराखंड राज्यात आहे. गंगेचा मोठा कालवा खोदण्याचे काम चालू होते, तेव्हा त्यासाठी जाणकार माणसे हवी होती. म्हणून १८४७ साली रुडकीला एक महाविद्यालय सुरू झाले. आपल्या देशातील ते पहिले अभियांत्रिकी महाविद्यालय. १८५४ साली कालव्यात पाणी सोडले आणि त्याच वर्षी महाविद्यालयाला टॉमसन यांचे नाव मिळाले. रुडकीजवळ सोलानी नावाची नदी आहे. तेथे कालवा नदीच्या वरून, पुलावरून वाहतो. खाली नदी, वर कालवा! १९४९ साली या महाविद्यालयाचे विद्यापीठ झाले आणि २००१ साली ते भारतीय तंत्रज्ञान संस्था झाले.

येथे १९५९ साली भूकंप आणि इमारती या विषयावर एक चर्चासत्र भरले. आपल्या देशात या विषयावरचे ते पहिले. पुढच्याच वर्षी, १९६० साली, प्राध्यापक जय कृष्ण यांच्या पुढाकाराने तेथे भूकंप अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. १९६२ साली भूकंपात इमारती कशा टिकाव्यात याविषयीचे भारतीय मानक प्रथम प्रसिद्ध झाले. चर्चासत्रात माणसे जमली, त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला काय काय माहीत नाही, आणि मग ते शोधण्यासाठी एक जागा तयार झाली. असे नेहमी होत नाही. रुडकीला झाले.

आता गंमतीची गोष्ट. घर भूकंपात टिकेल की नाही, हे कसे पाहायचे? भूकंप होण्याची वाट तर पाहता येत नाही. परदेशांत यासाठी महागडी, यंत्राने हलणारी टेबले होती. रुडकीच्या इंजिनियरांनी १९७० नंतरच्या दशकात वेगळी युक्ती केली. त्यांनी रेल्वेच्या वाघिणी घेतल्या. घाबरू नका! मराठीत वाघीण म्हणजे वाघाची मादी हे खरे, पण मालगाडीच्या डब्यालाही वाघीणच म्हणतात. तर, रुळांच्या एका तुकड्यावर तीन वाघिणी उभ्या केल्या. मधल्या वाघिणीवर सपाट चौथरा केला आणि त्यावर चक्क छोटी घरे बांधली. दोन्ही टोकांच्या वाघिणींत वजन भरले. मग टोकाची वाघीण जोरात सोडायची. ती येऊन मधल्या वाघिणीवर आदळते, मधली वाघीण हिसका खाऊन पुढे जाते आणि दुसऱ्या टोकाच्या वाघिणीवर आदळते. वरच्या घरांना भूकंपासारखा धक्का बसतो. धक्का किती जोराचा, हे ठरवता येते आणि मोजताही येते. जुन्या मालगाडीचा हा भूकंप फार महाग नव्हता. मला स्वतःला विज्ञानातील हीच गोष्ट फार आवडते. पैसे कमी असले की माणसाची बुद्धी कधी कधी जास्त चालते.

एका चौथऱ्यावर दोन घरे शेजारी शेजारी बांधता येत. एक गावात बांधतात तसे साधे. दुसरे तसेच, पण त्यात एक-दोन सुधारणा केलेल्या. धक्का दोघांना एकच. साध्या घराचे कोपरे आधी फाटत, भिंती एकमेकींपासून सुटत आणि छप्पर खाली येई. सुधारलेल्या घराला तडे जात, पण ते उभे राही. घर उभे राहिले म्हणजे आतील माणूस जिवंत राहिला.

या सुधारणा कोणत्या? पहिली म्हणजे पट्टा. दारे-खिडक्यांच्या वर, चारही भिंतींवरून फिरणारा, आत लोखंडी सळ्या असलेला काँक्रीटचा पट्टा. आपण कमरेला पट्टा बांधतो ना, तसाच. चारही भिंती त्यामुळे एकमेकींचा हात धरून उभ्या राहतात. दुसरी सुधारणा दगडी भिंतीसाठी. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना जोडणारा, आरपार जाणारा लांब दगड मध्ये मध्ये बसवायचा. उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत साधारण दर १.२ मीटरला एक. एवढे केले तर दोन पाने सुटी होत नाहीत. म्हणजे प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. दोष दगडाचा नव्हता. दोष बांधणीचा होता.

तुम्हांला हे वर्गात करून पाहता येईल. जाड पुठ्ठ्याची चार पुस्तके टेबलावर चौकोनात उभी करा. ही झाली घराची चार भिंती. आता टेबल हळू हलवा. पुस्तके पडतील. पुन्हा उभी करा आणि वरच्या बाजूला त्यांच्याभोवती एक दोरी घट्ट बांधा. टेबल तसेच हलवा. काय होते ते स्वतः पाहा, मी सांगत नाही.

रुडकीला जे कळले ते किल्लारीच्या गवंड्याला कळले नव्हते, हीच दुःखाची गोष्ट. निबंध छापले गेले, पुस्तके निघाली, मानके तयार झाली. ती इंग्रजीत होती आणि ग्रंथालयात होती. भिंत बांधणारा माणूस ग्रंथालयात जात नाही. मध्ये जी जागा रिकामी राहते, ती भरण्यासाठी कार्यशाळा लागते. भूकंपानंतर मराठवाड्यात हे काम मोठ्या प्रमाणावर झाले. गवंड्यांना आणि इंजिनियरांना प्रत्यक्ष भिंतीसमोर उभे करून शिकवले गेले. जुनी भिंत न पाडता तिच्यात आरपार जोड कसा बसवायचा? भिंतीतील एक-दोन दगड अलगद काढायचे, आरपार भोक करायचे, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली लोखंडी सळई ठेवायची आणि भोक काँक्रीटने भरायचे. माळवदावरची जादा माती काढून टाकायची. लाकडी खांब आणि तुळई जेथे मिळतात तेथे तिरपा आधार द्यायचा. यांपैकी एकही काम ऐकून येत नाही. दगड काढताना वरचे दगड ढासळू लागले तर काय करायचे, हे फक्त हातांना कळते.

अशा कार्यशाळेत कोण कोणाला शिकवतो, हे सांगणे अवघड असते. पट्टा कोठे आणि का, हे इंजिनियर सांगतो. पण दगडाची बैठक कशी बघायची, हे तीस वर्षे ओळंबा धरलेला गवंडीच सांगतो. ओळंबा म्हणजे उर्दूतला साहूल. भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी दोरीला लटकवलेले वजन.

येथे भाषेचा प्रश्न येतो, आणि तो तुमच्या फार जवळचा आहे. तुम्ही उर्दू माध्यमात शिकता. मराठी तुमची दुसरी भाषा. आणि अभियांत्रिकीचे शिक्षण बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून. तुमच्यापैकी कोणी मनात म्हणत असेल, 'तेथे उभे राहून मी प्रश्न कसा विचारणार? माझे शब्द चुकतील. लोक हसतील.'

हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले. तेथे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. त्यासाठी दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग, आधीच उघडला होता. मौलवी अब्दुल हक यांच्यासारखे विद्वान त्याच्याशी जोडलेले होते. गणित, रसायन, वैद्यक अशा विषयांची पुस्तके उर्दूत आणायची, तर शब्द हवेत. मग समित्या बसल्या आणि एकेका शब्दावर वाद झाले. आज तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात तवानाई, कसाफत, बर्की रौ असे शब्द वाचता. अशा शब्दांना रुळवण्यात त्या काळच्या लोकांच्या मेहनतीचा मोठा वाटा आहे. मराठीत आपण ऊर्जा, घनता, विद्युत प्रवाह म्हणतो. १९२९ साली उस्मानियाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले.

त्या काळी मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. तेथील, घरी मराठी बोलणारी मुले उच्च शिक्षणासाठी हैदराबादला जात आणि उर्दूतून शिकत. १९४८ नंतर तेथे इंग्रजी माध्यम आले. १९५८ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा हा प्रवास कमी झाला. म्हणजे पाहा, एकेकाळी मराठी मुलगा उर्दू शब्द चाचपडत वर्गात उभा राहत होता. आज तुम्ही मराठी आणि इंग्रजी शब्द चाचपडत उभे राहाल. त्या मुलांना हे सोपे गेले असेल असे मला वाटत नाही. आपल्या भाषेत शिकता आले असते तर बरे, असे त्यांनाही वाटले असणार. २०२१ पासून काही महाविद्यालयांत मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकण्याची सोय सुरू झाली आहे. पण चर्चासत्रात वेगवेगळ्या प्रांतांची माणसे येतात, तेथे दोन-तीन भाषांची ओढाताण राहणारच.

अशा वेळी एक साधा उपाय आहे. प्रश्न आधी कागदावर लिहून ठेवा. लहान ठेवा. 'सर, तुम्ही हा पट्टा विटांच्या घरावर पाहिला. दगडाच्या घरावर पाहिला का?' एवढेच. व्याकरणात एखादी चूक असली तरी अध्यक्षांना प्रश्न समजतो. लांबलचक, अलंकारिक, स्वतःचीच हुशारी दाखवणारा प्रश्न मात्र कोणालाच समजत नाही. तसे प्रश्नही चर्चासत्रात पुष्कळ येतात, आणि ते बहुधा मोठ्या माणसांचे असतात.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षांत विद्यार्थ्यालाही स्वतः एक सेमिनार द्यावे लागते. विषय त्याने निवडायचा, वाचायचा आणि आपल्या वर्गासमोर व प्राध्यापकांसमोर मांडायचा. त्याला गुण असतात. पहिल्यांदा उभे राहताना घसा कोरडा पडतो. आकृती दाखवणारा हात थरथरतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रश्नानंतर थरथर थांबते. कारण तोवर तो स्वतःला विसरून विषयात गेलेला असतो.

तुम्हांला इतकी वर्षे थांबण्याची गरज नाही. तुमच्या वर्गात एका तासाचे चर्चासत्र भरवा. तिघांनी विषय मांडावेत, प्रत्येकाने सहा मिनिटे. विषय जवळचे घ्या. आपल्या शाळेच्या टाकीचे पाणी कोठून येते, घराच्या छपराला ओल का येते, गल्लीतील गटार पावसाळ्यात का तुंबते. प्रत्येक विषयासाठी एखाद्या जाणत्या माणसाला भेटा. नळ बसवणारे, गवंडी, वायरमन, कोणीही. त्यांचे म्हणणे लिहून आणा. एकाला अध्यक्ष करा आणि त्याच्या हातात घड्याळ द्या. मुली मागच्या बाकांवर आणि मुले पुढे, असे होऊ देऊ नका. जो बोलणार नाही त्याने निदान एक प्रश्न विचारायचा, असा नियम करा. बोलायला मराठीतच सुरुवात करा. शब्द अडला तर उर्दू शब्द वापरा, आणि फळ्याजवळ एकाला खडू घेऊन उभे करा. अडलेला प्रत्येक शब्द त्याने फळ्यावर लिहावा, उजवीकडे उर्दू, डावीकडे मराठी. तास संपल्यावर ती यादी वहीत उतरवून घ्या. शेवटी टेबल, चार पुस्तके आणि दोरी आहेच.